तिसरा हात मोजायचा नाही

हॅगथॉर्प रोव्हर्सच्या मैदानावरील लाकडी सज्ज्यात, सर्वांत वरच्या रांगेत, डावीकडून चौथ्या बाकड्यावर ग्लेनिस ओल्डरॉइड सोळा वर्षे बसत आली होती, आणि या सोळा वर्षांत तिच्या कागदावर शंका घेण्याचे धाडस कोणी केले नव्हते. रग्बी लीगमध्ये सहा पकडींनंतर चेंडू सोडून देण्याचा नियम आला त्याच हंगामात तिने मोजायला सुरुवात केली. चेंडू घेऊन धावणाऱ्याला कोणी किती वेळा जमिनीवर आणले आणि कोणाच्या हातून तो निसटला, हे ती पेन्सिलीच्या रेघांनी टिपत असे. सोमवारी सकाळी, शाळेच्या कचेरीत कामावर जाण्यापूर्वी, तो कागद कपडे बदलण्याच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लागे, आणि दुपारपर्यंत मासे तळणाऱ्यापासून कामगार क्लबातल्या निवृत्तांपर्यंत सर्वांना तो तोंडपाठ असे. या कामासाठी तिचे कोणी आभारही मानले नव्हते. आभार न मानण्याची संचालक मंडळाची परंपरा क्लबाइतकीच जुनी होती.

अशा बाईला जानेवारीतल्या एका सोमवारी फळ्यावर, तिच्याच कागदाच्या कोपऱ्यात टोचलेली, चार शब्दांची चिठ्ठी सापडली. 'तिसरा हात मोजायचा नाही.' खाली नव्या प्रशिक्षकाची आद्याक्षरे. नमस्कार नाही, विनंती नाही.

प्रशिक्षकाचे नाव रॉस मॅकिंडो. तो क्वीन्सलंडहून आला होता, आणि त्या वर्षांत ऑस्ट्रेलियाहून आलेला माणूस म्हणजे देवाघरून आलेला, अशी आमच्या भागातल्या संचालकांची ठाम समजूत होती. अकरा वर्षे संघ सांभाळणाऱ्या आल्फ वूमर्सलीला ऑक्टोबरमध्ये काढून टाकण्यात आले. काढल्याचे पत्र घेऊन क्लबाचा शिपाई त्याच्या भाजीच्या वाफ्यावर गेला, तेव्हा आल्फच्या हाताला माती होती, म्हणून पत्र शिपायानेच वाचून दाखवले. एवढी काटकसर एखाद्या माणसाला नोकरीवर ठेवताना कोणी केलेली ऐकिवात नाही.

'जो आला त्याची रेघ,' हा नियम या आल्फचा. पहिला गडी खांदा लावतो, दुसरा हात जखडतो, तिसरा धावत येऊन अंगावर पडतो. माणूस जमिनीला टेकला तेव्हा ज्याचा हात त्याच्यावर असेल, त्या प्रत्येकाच्या नावावर ग्लेनिस रेघ ओढत असे. हॅगथॉर्पमध्ये कोणाला यात काही वावगे वाटले नाही. खाणीत कोळसा टोळीच्या नावाने लिहिला जाई; कोणाच्या फावड्याने किती, हे विचारणारा माणूस असभ्य ठरे. खाण बंद होऊन दोन वर्षे झाली होती. मोजण्याची ती रीत मैदानावर तेवढी शिल्लक होती.

ग्लेनिस चिठ्ठी घेऊन थेट त्याच्या खोलीत गेली.

"बसा, मिस ओल्डरॉइड."

"उभी बरी आहे मी. ही तुमची?"

"माझीच."

"सोळा वर्षं मोजतेय मी."

"तुमचं मोजणं चोख आहे हो. तुम्ही जे मोजता ना, ते चुकीचं आहे." मॅकिंडो शांतपणे म्हणाला. त्याचा आवाज कधीच चढत नसे. त्याची चीड येण्याचे ते एक मोठे कारण होते. "गेल्या रविवारी पकडी झाल्या दोनशेदहा. तुमच्या कागदावर रेघा चारशेसाठ. उरलेले अडीचशे लोक कोण, ते सांगा मला."

"आपलीच पोरं."

"पडलेल्या माणसावर हात ठेवणारी पोरं. मंगळवारी चहाच्या खोलीत या. चित्रफीत लावतो. तुम्हीच मोजा, माझ्या पद्धतीनं."

न जाण्याचा मार्ग तिच्यापुढे होता. पण आपल्या पेन्सिलीला कोणी आव्हान द्यावे आणि आपण घरी बसावे, हे तिच्या स्वभावात नव्हते. मंगळवारी सरावाआधी ती गेली. चाकांच्या टेबलावर दूरदर्शन संच, समोर बाकांवर बावीस खेळाडू, आणि त्यांच्यात दुसऱ्या रांगेत मार्टिन स्टेड. मार्टिन म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आता बावीसचा. अकरा वर्षे तो तिच्याच घरी वाढला, आणि गेली तीन वर्षे, तिच्याच कागदानुसार, तो हॅगथॉर्पचा सर्वांत चांगला पकडणारा होता. गेल्या रविवारी त्याच्या नावावर एकतीस रेघा होत्या.

मॅकिंडो फीत पुढे-मागे करत होता. पहिला कोण भिडला, तेवढेच तिने म्हणायचे. तिने म्हटले. शाळेतल्या हजेरीसारख्या कोरड्या आवाजात ती नावे घेत गेली, आणि तासाभराने बेरीज झाली. कॉलिन पील सतरा. मार्टिन स्टेड नऊ.

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "अरे, बाकीच्या बावीस वेळा साहेब पाहणीला गेले होते."

बाक हसून हलले. मॅकिंडो हसला नाही, आणि त्याने हसणाऱ्यांना थांबवलेही नाही. मग त्याने सांगितले की पुढच्या हंगामासाठी कोणाला ठेवायचे याची यादी तो एप्रिलमधल्या शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी लावील, आणि दुसऱ्या फळीतल्या दोन गड्यांपैकी एकालाच ठेवील. त्या फळीत दोघेच होते: मार्टिन, आणि कॉलिन. कॉलिन पील तेहतीस वर्षांचा, खाणीतला माणूस, दोन्ही गुडघ्यांना सकाळ-संध्याकाळ पट्ट्या बांधणारा. "आज यादी लावली, तर पील," मॅकिंडो म्हणाला, आणि दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी घरी साडेपाचच्या जेवणाला मार्टिनने मटणाच्या वड्यांना हातही लावला नाही.

"त्या माणसानं सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा केला," ग्लेनिस म्हणाली. "मी संचालकांना लिहिणार आहे."

"पाणउतारा त्यानं नाही केला, मावशी."

"मग कुणी?"

"तीन वर्षं दर सोमवारी तू लिहीत होतीस की मी गावातला सगळ्यात भारी. मी मानलं. तुझ्या हाताचं लिहिलेलं कोण नाही मानत इथं?"

"तुझा हात असायचा तिथे. मी खोटी रेघ एक ओढली नाही."

"असायचा ना. उशिरा पोचलेला. रेघ मिळतेय म्हटल्यावर लवकर कशाला पोचू?"

ती ताट उचलून आत गेली. मॅकिंडोवरचा राग तिला पेलत होता. त्यात एक स्वच्छ समाधान होते. हा दुसरा राग कोणावर टाकावा, हे तिला कळेना. तिने लेकरावर माया म्हणून एकही रेघ वाढवली नव्हती. नियमाप्रमाणे, इमानेइतबारे, डोळ्यांत तेल घालून तिने त्याचे नुकसान केले होते.

गावाने अर्थातच सोडले नाही. मासे तळणाऱ्या वॉल्टरने मार्टिनला पुडा देताना वर दोन वाटाणे ठेवले आणि म्हणाला, "हे तिसऱ्या हाताचे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला आमच्याकडून भेट." मार्टिनने पुडा घेतला. ग्लेनिसने तो परत त्याच्या फळीवर ठेवला आणि त्या दुकानात पुन्हा पाय ठेवला नाही.

मंगळवार-गुरुवारच्या सरावाला मॅकिंडोने दोन दोर चार पावलांच्या अंतराने जमिनीवर टाकले. ती गल्ली. गल्लीत एकट्याने उभे राहायचे. समोरून एकामागून एक तिघे चेंडू घेऊन अंगावर येणार. मदतीला कोणी दोर ओलांडायचा नाही. मार्टिनला तो दहा-दहा मिनिटे उभा करी. पहिल्या आठवड्यात ते बघवत नव्हते. मॅकिंडो घड्याळ बघून म्हणे, "परत." काय चुकले हे सांगत नसे. चूक दाखवणे म्हणजेच शिकवणे, असा या नव्या पंथाचा समज असावा. माणूस पडल्यावर त्याला पडलास म्हणून कळवणारे शिक्षक ग्लेनिसने शाळेत आयुष्यभर पाहिले होते. त्यांना बढत्याही मिळत.

सराव संपवून प्रशिक्षक खोलीत गेला की कॉलिन पील मात्र गल्लीतच रेंगाळे. कठड्याला टेकून थर्मासमधला चहा पिताना ग्लेनिसला सगळे ऐकू येई.

"डोकं कुठं घालतोयस? माझ्या पोटापुढं? मान मोडून घ्यायची हौस आलीय?"

"मग कुठं घालू?"

"मागं. गाल माझ्या ढुंगणाला चिकटला पाहिजे. नवी बायको चिकटते तसा."

"मला बायको नाही."

"असल्या पकडीनं मिळायचीही नाही. चल, परत. आणि पाय थांबवू नकोस. खांदा लागला म्हणजे काम झालं असं नाही. खांदा लागल्यावर काम सुरू होतं."

कॉलिन लंगडत वीस पावले मागे जाई आणि पुन्हा धावत येई. मार्टिन त्याला पाडी. कॉलिन उठताना एक हात गुडघ्यावर ठेवून उठे, आणि मार्टिनने पुढे केलेला हात बाजूला सारून म्हणे, "मला काय उचलतोस, पुढचा येतोय बघ." फेब्रुवारीभर हे चालले. ग्लेनिस आता पहिल्या भिडणाऱ्याचीच रेघ ओढत होती; मार्चच्या मध्यावर मार्टिनच्या नऊचे एकोणीस झाले, मग बावीस, मग चोवीस. निसटण्याच्या रकान्यात रेघा कमी होत गेल्या.

एका गुरुवारी तिने कॉलिनला कठड्याशी गाठले.

"तुला कळतंय ना काय करतोयस? एकच जागा आहे."

"मोजायला मलाही येतं, ग्लेनिस."

"मग?"

"मग काय. तो चुकीचं करतोय आणि मी बघत उभा राहू? नाही जमत मला ते. खाणीत छताला टेकू वाकडा लावलेला दिसला, तर तो कोणाचा हे विचारून सरळ करायचा का?"

"त्या मॅकिंडोला सांग तरी. श्रेय तो घेतोय."

"घेऊ दे. श्रेय घेऊन त्याचे गुडघे बरे राहणार असतील तर राहू देत." मग डोळा मिचकावून म्हणाला, "आणि आपला मार्टिन यादीत यावा, हे तुलाच जास्त हवंय. खोटं बोलू नकोस, बाई."

ती खोटे बोलली नाही. तिला ते हवे होते. पोटातून हवे होते. म्हणूनच पुढे जे होत गेले ते कागदावर उतरवताना तिच्या दातांवर दात बसत. मार्टिन आता पहिला भिडू लागला होता, त्यामुळे पूर्वी जो तिसरा हात कॉलिनच्या मागे येत असे, तो येईनासा झाला. कॉलिन माणसाला थोपवी, पण गुडघे तोकडे पडत. पूर्वी तेवढ्यात मार्टिन पोचत असे, आता कोणी पोचत नसे. कॉलिनच्या निसटण्याच्या रकान्यात चार, सहा, नऊ अशा रेघा साचल्या. उलट मार्टिनने थोपवलेल्यांवर दर वेळी दुसरा किंवा तिसरा येऊन पडे तो कॉलिनच. त्याची रेघ ओढायला बंदी होती. एकाची सुधारणा आणि दुसऱ्याची घसरण असे तो कागद सांगत होता, आणि कागदावरची प्रत्येक रेघ खरी होती. स्थानिक साप्ताहिकाने 'मॅकिंडोची किमया' असा मथळा देऊन मार्टिनचे छायाचित्र छापले. बाजूला प्रशिक्षक घड्याळ धरून उभा. कॉलिनचा चित्रात एक बूट आला होता.

हे श्रेय सर्वस्वी खोटे होते, असे मात्र म्हणता येत नाही. मॅकिंडोने ती चिठ्ठी टोचली नसती, तर मार्टिन आयुष्यभर एकतीसच्या भ्रमात राहिला असता. हे ग्लेनिसला मान्य होते, आणि हे मान्य करावे लागते याचा तिला त्या माणसाच्या शांत आवाजापेक्षाही अधिक संताप येई.

एप्रिलमधला शेवटचा सामना घरच्या मैदानावर ऑसर्लीविरुद्ध होता. शेवटची दोन मिनिटे राहिली तेव्हा हॅगथॉर्प चार गुणांनी पुढे होते. मार्टिनच्या नावावर सत्तावीस रेघा होत्या आणि निसटण्याच्या रकान्यात एकही नव्हती. ऑसर्लीचा सोळा-सतरा स्टोन, म्हणजे शंभर किलोंवर वजनाचा एक गडी मधल्या पट्ट्यातून सुटला. मार्टिन त्याला भिडला, चांगला भिडला, पण खांदा किंचित वर गेला. तो गडी अडखळला, एका गुडघ्यावर आला. अशा वेळी गेली तेरा वर्षे जो माणूस हटकून येऊन पडत असे, तो दहा पावलांवर होता.

कॉलिन पील हात कमरेवर ठेवून उभा राहिला. पळून थकलेला माणूस वाकून उभा राहतो, तसा नव्हे. बसची वाट पाहणारा उभा राहतो, तसा. ऑसर्लीचा गडी उठला, मार्टिनला झटकून पुढे गेला आणि खांबांच्या मध्ये त्याने चेंडू टेकवला; चार गुण. मग त्यांची लाथही बसली, आणखी दोन, आणि सामना दोन गुणांनी गेला. कठड्यावरून कॉलिनच्या नावाने जे ओरडले गेले ते त्याच्या आईने, देवदयेने, ऐकले नाही. ती वारली होती.

लोक पांगत असताना मॅकिंडो पायऱ्या चढून चौथ्या बाकड्यापर्यंत आला. इतक्या महिन्यांत तो तिथे कधी चढला नव्हता, आज चढला.

"त्या शेवटच्या धावेची चूक पीलच्या नावावर लिहा."

"पहिला कोण होता?"

"ते मला माहीत आहे. पण पील दहा पावलांवर उभा होता. सगळ्या गावानं पाहिलं."

"तिसरा हात मोजायचा नाही, अशी तुमची चिठ्ठी आहे. माझ्याकडे आहे अजून. ज्याचं येणं मोजायचं नाही, त्याचं न येणं कुठल्या नियमानं मोजू?"

मॅकिंडो तिच्या शेजारी बसला. "हे बघा. पील जाणार, हे शुक्रवारीच ठरलंय. त्याला गाडीतळावर सांगूनही झालं. पण आज रात्री अध्यक्षांपुढं यादी ठेवायचीय, आणि तेरा वर्षांच्या माणसाला काढलं म्हणून हा गाव माझ्या खिडक्या फोडणार. तुमच्या कागदावर ती चूक त्याच्या नावावर असली, की कोणी काही बोलणार नाही. तुमचा कागद इथं सगळे मानतात."

"शुक्रवारी सांगितलंत. आणि रविवारी खेळवलंत."

"व्यवसाय आहे हा."

"तसं असेल."

"आणि तुमचा भाचा यादीत आहे, हे लक्षात असू द्या. यादी अजून टाइप व्हायचीय."

तिने पेन्सिल उचलली आणि त्याच्या देखत, मार्टिन स्टेड या नावापुढे, निसटण्याच्या रिकाम्या रकान्यात एक सरळ रेघ ओढली. मग कागदाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि त्याला म्हणाली, "बाजूला व्हा. मला खाली जायचंय."

सोमवारी सकाळी आठ वाजता फळ्यावर दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. यादीत मार्टिन स्टेड होता. कॉलिन पील नव्हता. धमकी पोकळ होती. मार्टिनला काढणे त्या किमयागाराला परवडणारेच नव्हते. रात्रभर तिने उगीचच छताकडे पाहिले होते, आणि तेही आता त्या माणसाच्या खात्यावर जमा झाले.

मार्टिन तिच्यासोबत आला होता. त्याने आधी यादी वाचली नाही. आधी तिचा कागद वाचला.

"बरोबर लिहिलंस. खांदा वर गेला माझा."

"कॉलिन आला असता तर—"

"आला असता तर त्याची रेघ तू ओढली नसतीस. तो यायचा बंद का झाला, ते मला कळतं, मावशी." तो यादीकडे वळला. "मी त्याच्या घरी गेलो होतो काल. दार उघडलं नाही त्यानं."

तेवढ्यात कॉलिन स्वतः आला, बूट आणि पट्ट्या न्यायला, कापडी पिशवी घेऊन. त्याने यादीकडे नजरही टाकली नाही. तिचा कागद मात्र त्याने बोट लावून, नावानाव, वाचला, आणि त्याचा चेहरा गेल्या तेरा वर्षांत तिने कधी पाहिला नव्हता इतका कठोर झाला.

"हे काय लिहिलंयस?"

"खरं ते. त्या मॅकिंडोला तुला अडकवायचं होतं. मी नाही अडकवू दिलं."

"आभारी आहे." आवाजात आभार नव्हते. "माझी चूक कुठाय?"

"तुझी चूक नव्हतीच, कॉलिन. नियमानं—"

"चूक नव्हती. मी उभा राहिलो. दहा पावलं होती, गुडघे ठीक होते, मी पोचलो असतो, आणि मी उभा राहिलो. तेरा वर्षं धावलो, त्याच्या शेवटी एकदा उभा राहिलो. आणि तू सांगतेस, तसं काही झालंच नाही. या कागदावर मी त्या वेळी मैदानात नव्हतोच." त्याने मार्टिनकडे पाहिले. "तुझ्यावर राग नव्हता, पोरा. तू मध्ये सापडलास."

"माहीत आहे," मार्टिन म्हणाला.

"त्यासाठी रकानाच नाही, कॉलिन," ग्लेनिस म्हणाली.

"मग आख. पेन्सिल तुझ्याकडे आहे. त्याच्याकडे थोडीच आहे."

आत खोलीत मॅकिंडो कोणाशी तरी फोनवर बोलत होता. दार उघडेच होते. ग्लेनिसने फळ्यावरच्या कागदाला एक हात लावून तो ताणला आणि निसटण्याच्या रकान्याच्या उजवीकडे, पट्टीशिवाय, वरपासून खालपर्यंत एक नवी रेषा ओढली. डोक्यावर लिहिले: 'उभा राहिला'. बाकीच्या चौदा नावांपुढची जागा कोरी सोडली. कॉलिन पील या नावापुढे एक रेघ. खाली, नेहमीच्या जागी, तिची सही.

कॉलिनने मान तिरकी करून ते पाहिले.

"जरा जाड काढ," तो म्हणाला. "इथं छत गळतं. बुधवारपर्यंत पुसून जाईल."

तिने पर्समधून शाळेचे शाईचे पेन काढले आणि त्या रेघेवरून दोनदा फिरवले.